बारावा चौकोन

सव्वीस दिवसांत गल्लीतल्या गाड्यांचे चाक हवा जाऊन नऊ वेळा बसले. नऊही वेळा ते मागचे होते. पाच वेळा डावे, चार वेळा उजवे. पुढचे चाक एकदाही बसले नाही.

ही नोंद तराजूवालीच्या वहीत होती. गल्ली तिला याच नावाने ओळखे, कारण वजनमापांच्या सरकारी प्रयोगशाळेत दुकानदारांचे काटे तपासण्याचे काम ती वीस वर्षे करीत आली होती. वहीत तिने चार रकाने आखले होते : तारीख, गाडीचा मालक, चाक आणि सांगणारा. सुरुवातीला तो निव्वळ चाळा होता. मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास तो चाळा राहिला नाही.

दारात दोघे उभे होते. एक हेडसर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि रहिवासी समितीचे अध्यक्ष. दुसरे समितीचे सचिव, दातांचे डॉक्टर. हेडसरांच्या काखेत समितीचे इतिवृत्त होते.

"बसत नाही," हेडसर म्हणाले आणि बसले.

डॉक्टरांनी खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत करंगळीएवढा राखी रंगाचा कापडाचा तुकडा होता, मागे पुठ्ठ्याचा पापुद्रा चिकटलेला. "आज सकाळी माझ्या बसलेल्या चाकाला हे लागलेलं होतं, मॅडम. ओळखता?"

ओळखायला काही अवघड नव्हते. हेडसरांनी काखेतले इतिवृत्त पिशवीशेजारी ठेवले. त्याची बांधणी त्याच राखी कापडाची होती. ती बांधणी तिच्या बाबांनी केली होती, आणि त्या कापडाचा तागा सबंध गल्लीत त्यांच्याच खोलीत होता.

"तुझ्या वडिलांबद्दल मला आदर आहे, पोरी."

"आदर म्हटलं की मागून 'पण' येतो, सर."

"येतोच. पण कुंपणानेच शेत खाल्लं असं म्हणायची वेळ त्यांनी आमच्यावर आणू नये." हेडसरांनी घडी घातलेला कागद पुढे सरकवला. "शिंपीणकाकूंनी त्यांना तीनदा बघितलंय. सकाळी साडेसहाला, गाड्यांच्या मागच्या चाकांपाशी वाकलेले. हातात काहीतरी असतं म्हणे. रविवारी दहाला सभा आहे. त्याआधी यावर सही झाली, तर प्रकरण गल्लीतच मिटेल. नाही झाली, तर डॉक्टर पोलिसांत जाणार."

कागदावर दोनच ओळी होत्या. माझ्या हातून रहिवाशांच्या वाहनांचे नुकसान झाले. मी माझ्या ताब्यातील खोली स्वखुशीने रिकामी करीत आहे.

प्रश्न खोलीचा होता, हे तिला दुसरी ओळ वाचण्यापूर्वीच कळले होते.

बाबा बाइंडर होते. गल्लीच्या एका अंगाला जी लांबच लांब बिनखिडकीची भिंत होती, तिच्या टोकाशी दहा बाय अठरा फुटांची त्यांची खोली होती. खोली समितीच्या मालकीची. वापरायला परवानगी वर्षाची, दरवर्षी नव्याने मिळणारी. त्र्याहत्तराव्या वर्षीही ते सकाळी पावणेसातला तिथे दाबयंत्राचा दांडा फिरवीत असत. आई गेली त्या आठवड्यातही ते रोज तिथे गेले होते. ती खोली पाडली की भिंतीलगत आणखी दोन गाड्या उभ्या राहू शकत होत्या, हे साधे गणित गल्लीत सगळ्यांना, अगदी ज्यांना बाकी काही गणित येत नव्हते त्यांनाही, तोंडपाठ होते.

भांडण जुने होते. दोन वर्षांपूर्वी समितीने गल्लीच्या तोंडाशी साखळी लावली. सकाळी आठ ते रात्री आठ बाहेरच्या वाहनाला आत मज्जाव. आतल्यांच्या काचेवर हिरवा स्टिकर. बाबांकडे कचेऱ्यांतली आणि ग्रंथालयांतली दप्तरे हातगाडीवरून येत, आणि हातगाडीला स्टिकर नव्हता. त्याच सुमारास भिंतीलगतच्या पदपथावर गाड्या चढू नयेत म्हणून नगरपालिकेने पूर्वी ठोकलेले लोखंडी नळ्यांचे अकरा खांब समितीने परवानगी काढून ग्राइंडरने कापले, पदपथ सपाट केला आणि तिथे पांढऱ्या पट्ट्यांनी गाड्यांचे अकरा चौकोन आखले. गाडी मागे घेत लावायची, तोंड रस्त्याकडे ठेवायचे, हा नियम. चौकोन कोणाच्या नावाचा नाही. जो आधी येईल त्याचा.

तेव्हापासून बाबांनी समितीला एकतीस पत्रे लिहिली होती. प्रत्येकाला जावक क्रमांक, प्रत्येकाची कार्बन प्रत, प्रत्येकावर हेडसरांच्या सहीची पोच.

"त्यांना मी विचारते," ती म्हणाली.

"विचार ना. आम्ही काय परके आहोत?" हेडसर उठले. जाताना त्यांनी इतिवृत्त उचलले, तुकड्याची पिशवी डॉक्टरांनी उचलली. कागद राहिला.

ती खाली उतरली. बाबा एका जाड नोंदवहीच्या पाठीला सरस लावीत होते. त्यांनी चष्मा वर सरकवून कागद वाचला आणि परत दिला.

"'स्वखुशीने' हा शब्द चुकलाय. खुशी कोणाची ते लिहिलेलं नाही."

"बाबा, थट्टा नको. तुम्ही सकाळी गाड्यांमागे वाकून काय करता?"

"लिहिलंय मी."

"काय लिहिलंय?"

"समितीला कळवलंय. पोच आहे."

"मला तोंडी सांगा ना."

"तोंडी सांगितलेलं लोक नाकारतात. तुला वाचता येतं." त्यांनी ब्रश पुन्हा सरसात बुडवला. विषय संपला, हे सांगण्याची त्यांची ती पद्धत होती.

पत्रांच्या प्रतींचा बांधीव खंड मागच्या फळीवरच होता. तिने तो काढला नाही. पहिली सहा पत्रे तिने दोन वर्षांपूर्वी वाचली होती आणि सहाही साखळीबद्दल होती. सातव्यापासून तिने वाचणे सोडले, आणि या एका बाबतीत तिचे आणि समितीचे वागणे तंतोतंत सारखे होते.

त्या रात्री तिने आपल्याला काय माहीत आहे आणि काय नुसते वाटते, याची मनाशी फोड केली. कापड बाबांचे, हे माहीत होते. ते वाकतात, हे काकूंनी पाहिले होते. त्यांना गाड्यांचा तिटकारा आहे, हे एकतीस पत्रांनी सिद्ध होते. ते असे करणार नाहीत, हे मात्र तिला नुसते वाटत होते, आणि जे खरे असावे अशी आपली इच्छा आहे ते दोनदा तपासावे हे तिला पहिल्या नोकरीतच शिकवले गेले होते. पाठ झालेले शहाणपण अशा वेळी झोप मात्र देत नाही.

बुधवारी कामावर जाण्यापूर्वी ती गल्लीबाहेरच्या पंक्चरवाल्याकडे गेली. नऊपैकी सहा चाके त्याच्याकडेच आली होती.

"ताई, तुमच्या गल्लीचं भलं होवो," तो म्हणाला. "धंदा कसा झोकात चाललाय!"

"भोकं कशी होती?"

"खिळा नव्हे. खिळा आत सापडतो. हे आपलं चिरल्यासारखं." त्याने बोटाने हवेत कंस काढला. "नखाएवढं, वाकडं. आणि हवा हळूहळू जाते. रात्री लावलेली गाडी सकाळी बसलेली, असं."

"टोच्याने होईल?"

"टोच्याचं भोक गोल. हे पात्याचं काम. तेही सरळ पात्याचं नाही." त्याने तिच्याकडे नीट पाहिले. "का हो? सापडला का कोण?"

ती नाही म्हणाली. बाबांचा पुस्तके शिवण्याचा टोचा सुटला म्हणून क्षणभर छाती हलकी झाली होती. पुढच्याच क्षणी तिला रापी आठवली. चामडी पाठीचे कोपरे तासायची, अर्धगोल पात्याची, बाबांच्या वडिलांपासून चालत आलेली रापी. तिने एक पुरावा खोडायला जाऊन दुसरा हातात घेतला होता.

गुरुवारी सकाळी सहा वाजल्यापासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. चहा गार झाला. साडेसहाला बाबा खाली उतरले, भिंतीच्या कडेने चालू लागले आणि एका उभ्या गाडीमागे थांबले. एक हात गाडीवर टेकून ते वाकले. गाडीआड ते काय करीत होते ते तिला दिसेना. अर्ध्या मिनिटाने ते उठले, गुडघा चोळला आणि खोलीकडे गेले.

समोरच्या खिडकीत शिंपीणकाकू तोंडात टाचण्या धरून उभ्या होत्या. दोघींची नजरानजर झाली. काकूंनी टाचण्या काढल्या.

"मी काय डोळे मिटून बसू होय गं? दिसलं ते सांगितलं. तिखटमीठ नाही लावलं."

"मी कुठे काय म्हणाले, काकू?"

"म्हणाली नाहीस. बघितलंस मात्र." आणि मग जरा खालच्या आवाजात, "पोलिसांत नको जाऊ देऊ हं डॉक्टरांना. माझ्या पोरांची पुस्तकं तुझ्या बाबांनीच बांधली सगळी."

बाबा न्याहारीला वर आले तेव्हा ती काहीतरी निमित्त काढून खाली गेली. रापी नेहमीच्या खाचेत होती. पाते ताजे परजलेले होते, पण ते नेहमीच ताजे परजलेले असे, तेव्हा त्यावरून काही ठरत नव्हते. तिने रापी रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. वीस वर्षे इतरांची लबाडी पकडण्याचा पगार घेणाऱ्या बाईने आपल्याच बापाच्या खोलीत केलेली ती पहिली चोरी होती.

संध्याकाळी बाबांनी विचारले, "रापी बघितलीस का कुठे?"

"नाही."

त्यांनी तिच्याकडे जितका वेळ पाहायला हवे होते त्यापेक्षा थोडा जास्त वेळ पाहिले. मग म्हणाले, "बरं."

शुक्रवारी सकाळी तिने खिडकीतून बाराही गाड्या पाहिल्या. एकही चाक बसलेले नव्हते. गुरुवारीही बसले नव्हते. आपल्याला एक चाक बसलेले हवे होते, हे लक्षात येऊन तिला स्वतःची शरम वाटली. रापी पर्समध्ये असताना चाक बसले असते, तर निदान रापी तरी सुटली असती. सव्वीस दिवसांत नऊ, म्हणजे तीन दिवसांना एक, या हिशेबाने दोन दिवस कोरडे जाण्याची शक्यता निम्मी होती. त्यात अर्थ काढण्यासारखे काही नव्हते. तिने तरी तो काढला.

दुपारी प्रयोगशाळेत एका किराणा दुकानदाराचा काटा आला. तक्रार होती की तो किलोमागे बारा ग्रॅम जास्त दाखवतो. प्रयोगशाळेच्या टेबलावर काटा चोख निघाला.

"लबाड दिसतोय," नवी आलेली मदतनीस म्हणाली. "इथे आणायच्या आधी ठीक केला असणार."

"तो दुकानात कुठे ठेवलेला होता?" तराजूवालीने सवयीने विचारले. "टेबल सपाट होतं का? पंख्याखाली होता का? माणसाकडे जायच्या आधी जागा बघायची. हजारदा सांगितलंय."

सांगता सांगता ती थांबली.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. टेबल बघून ये त्याचं."

तिने पर्समधून वही काढली. तारीख, मालक, चाक, सांगणारा. जागेचा रकाना नव्हता. चार दिवस ती आणि सव्वीस दिवस सबंध गल्ली, कोणाची गाडी, कोणाच्या पक्षाची, कोणी साखळीच्या बाजूने मत दिले होते, याचाच कीस पाडीत होती. गाडी कुठे उभी होती, हे एकानेही विचारले नव्हते. चौकोन कोणाच्या नावाचे नसल्यामुळे ते कोणाच्या ध्यानातही राहिले नव्हते. साप साप म्हणून भुई धोपटणे चालले होते, आणि भुईकडे पाहिले मात्र कोणीच नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी ती सातही मालकांच्या दारांत गेली. मालक सातच होते, कारण दोघांवर ही पाळी दोनदा आली होती.

"चौकोनाचा काय संबंध?" डॉक्टरांनी दार अर्धे धरून विचारले.

"माहीत नाही. म्हणून तर विचारतेय."

"वडिलांना वाचवायला काहीतरी शोधताय तुम्ही."

"हो. पण चुकीचं सापडलं तर तेही सांगेन."

डॉक्टरांनी दार थोडे आणखी उघडले. "नववा. चांगलं आठवतंय. शेजारी हेडसरांची गाडी होती, नेहमीसारखी तिरकी. मला दार उघडून बाहेर पडायला पाच मिनिटं लागली. ते तसे लावतात, मी बरोबर मध्यभागी लावतो, आणि चाक माझं बसतं. हा न्याय!"

"चाक डावं ना?"

"डावं."

नऊपैकी सातांची जागा नक्की कळली. दोन मालकांना आठवेना आणि तिने त्यांना आठवायला भाग पाडले नाही. उजवे चाक बसलेल्या तीन गाड्या चौथ्या चौकोनात होत्या. डावे चाक बसलेल्या चार गाड्या नवव्यात होत्या. उलट एकही नव्हती.

शनिवारी दुपारी तीन वाजता भिंतीलगत एकच गाडी होती, हेडसरांची, सातव्यात, तिरकी. तराजूवाली फीत, खडू आणि वही घेऊन चौथ्या चौकोनात उतरली. मोठ्या माणसाने भर दुपारी रस्त्यावर गुडघे टेकून बसावे, हे दृश्य गल्लीला नवे होते. काकूंच्या मशीनचा आवाज लगेच थांबला.

भिंतीपासून सुमारे एक मीटरवर तिच्या तळव्याला उंचवटा लागला. त्यावर फाटलेले राखी कापड होते, खाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली वाळलेला सरस. धुळीने ते डांबराच्याच रंगाचे झाले होते. तिने ते सोलले. खाली लोखंडी नळीचा कापलेला खुंट होता. ग्राइंडर तिरका चालल्याने त्याची एक कड जमिनीच्या बोटभर वर राहिली होती, आणि त्या अर्धगोल कडेला कापताना निघालेली धार तशीच होती. तिने बोट लावले आणि लगेच काढले. रक्ताचा थेंब आला. आकार नखाएवढा होता, वाकडा.

मग ती पुढच्या खुंटावर गेली, मग त्याच्या पुढच्या. अकरा खांब, अकरा खुंट, प्रत्येकावर पुठ्ठा आणि कापड नीट चिकटवलेले. त्यांपैकी नऊ ठिगळे शाबूत होती. दोन फाटलेली : एक चौथ्या चौकोनात, एक नवव्यात.

तिने फीत लावली. खुंट एकमेकांपासून दोन मीटर सत्तर सेंटिमीटरवर होते, म्हणजे जुन्या अकरा चौकोनांच्या रुंदीइतकेच. तेव्हा प्रत्येक खुंट गाडीच्या पोटाखाली बरोबर मध्ये येत असे आणि दोन वर्षे त्याने कोणाचे काही बिघडवले नव्हते. पण मंगळवारी मोजलेले सव्वीस दिवस आता तीस झाले होते, आणि तीस दिवसांपूर्वीच डॉक्टरांची गाडी आली होती. अकरा चौकोन आणि बारा स्टिकर यांवर सभेत तीन तास खडाजंगी होऊन हेडसरांनी तोडगा काढला होता की, कोणालाच नाही म्हणू नये. जुने पट्टे खरवडावेत आणि तेवढ्याच लांबीत बारा आखावेत. नव्या चौकोनाची रुंदी दोन मीटर साडेसत्तेचाळीस भरली. प्रत्येक चौकोनागणिक खुंट साडेबावीस सेंटिमीटर बाजूला सरकत होता. चौथ्यात तो मध्यापासून एकोणऐंशी सेंटिमीटरवर पोचला, आणि साधारण गाडीचे चाक मध्यापासून पाऊण मीटरवर असते. सहावा खुंट थेट पांढऱ्या पट्ट्याखाली गेला होता. नवव्यात तेच अंतर पुन्हा आले होते, दुसऱ्या बाजूने.

हेडसरांच्या तोडग्याने सगळ्यांना सामावून घेतले होते. खुंट तेवढे विचारात घेतले नव्हते.

"मिळालं?"

बाबा खोलीच्या दारात उभे होते. हातात सरसाचा डबा होता आणि काखेत राखी कापडाचा तुकडा.

"बाबा, ही ठिगळं तुमची?"

"दुसरं कोण लावणार? पट्टे आखल्याच्या तिसऱ्या दिवशी मी अडखळलो. हातात चार रजिस्टरं होती. दुसरा कोणी पडून डोकं फोडून घेऊ नये म्हणून सगळ्यांवर पुठ्ठा मारला. नऊ टिकतात. हे दोन टिकत नाहीत. रोज सकाळी बघावं लागतं, उरलंय की उडालं."

"मग मंगळवारी मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"सत्तावीस," बाबा म्हणाले.

ती खोलीत गेली आणि फळीवरचा खंड काढला. सत्ताविसाव्या पत्राला पट्टे आखल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची तारीख होती. विषय : कापलेल्या खांबांच्या धारदार खुंटांबाबत. मजकूर सहा ओळींचा होता. सदर खुंट जमिनीच्या वर आले असून त्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत, पादचाऱ्यांस इजा होऊ शकते, तसेच नव्या आखणीनुसार काही वाहनांची मागील चाके त्यांवर येत असल्याचे दिसते; तरी खुंट घासून सपाट करण्यात यावेत; तोवर मी स्वतःच्या साहित्याने तात्पुरते आच्छादन केले आहे. खाली हेडसरांची सही, पोच, दिनांक.

तिने खंड मिटला. मग पर्स उघडून रुमालात गुंडाळलेली रापी काढली आणि खाचेत ठेवायला गेली.

"तिथे नको," बाबा पाठमोरे राहूनच म्हणाले. "सहाणेवर ठेव. तीन दिवस पर्समध्ये किल्ल्यांशी घासलीय. धार गेली असणार."

तिने रापी सहाणेवर ठेवली. माफी मागितली असती, तरी ती तोंडी झाली असती.

रविवारी दहा वाजता तळमजल्याच्या जिन्याखालच्या जागेत सभा भरली. तिने अर्धा तास मोजमापे सांगितली. लोकांना आकडे कळले असे वाटले नाही, पण ती त्यांना बाहेर चौथ्या चौकोनात घेऊन गेली आणि डॉक्टरांना खुंटावर अंगठा फिरवायला सांगितला, ते सगळ्यांना कळले.

"अहो पण हे आधी सांगायचं ना आम्हाला!" हेडसर बाबांवर उखडले. "आम्ही काय तुमचे वैरी आहोत?"

"सांगितलं," बाबा म्हणाले.

समितीची फाइल मागवण्यात आली. एकतीस लिफाफे तारीखवार, नीटनेटके लावलेले होते. पहिले सहा फोडलेले होते. सातव्यापासून एकाचीही कड उचकटलेली नव्हती. डॉक्टरांनी सत्ताविसावा काढला, फोडला, वाचला आणि हेडसरांकडे दिला. हेडसरांनी तो वाचायला, सहा ओळींना लागू नये इतका वेळ घेतला.

"पोच म्हणजे पोचल्याची सही," ते अखेर म्हणाले. "वाचल्याची नव्हे."

"सर, परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर किती मार्क दिले असते?" मागून शिंपीणकाकूंनी विचारले. कोणी मोठ्याने हसले नाही.

खोलीचा ठराव सभेपुढे आलाच नाही. तो रद्द झाला असेही कोणी म्हणाले नाही. वर्षाची परवानगी चार महिन्यांनी संपत होती आणि ते तिच्या ध्यानात होते. दोन ओळींचा कागद डॉक्टरांनी स्वतःच फाडला. चौकोन बाराच ठेवायचे की पुन्हा अकरा करायचे यावर वाद सुरू झाला आणि दुपारी एकपर्यंत मिटला नाही. तेवढ्यात हेडसरांनी इतिवृत्त तिच्यापुढे सरकवले. "कारण तू लिही. तुला नेमकं लिहिता येतं."

तिने राखी बांधणीचे ते पुस्तक उघडले आणि लिहिले :

गेल्या महिनाभरात वाहनांची मागील चाके नऊ वेळा बसली. त्यांपैकी सातांचे कारण निश्चित झाले असून दोन घटनांची जागा ज्ञात नाही. समितीने दोन वर्षांपूर्वी कापलेल्या खांबांचे खुंट सपाट केलेले नव्हते. अकरा चौकोनांच्या जागी बारा आखल्यामुळे चौथ्या चौकोनात उजवे व नवव्या चौकोनात डावे मागील चाक खुंटाच्या धारेवर उभे राहू लागले. वाहन नियमाप्रमाणे मध्यभागी लावले असता हे घडते. वाहने मागे घेत लावली जात असल्याने पुढची चाके खुंटांपर्यंत पोचत नाहीत. वाहनाच्या चाकाला आढळलेले कापड खुंट झाकण्यासाठी बाइंडरांनी लावलेल्या आच्छादनाचे आहे. ही बाब त्यांनी पत्र क्रमांक सत्तावीसद्वारे समितीस कळवली होती. ते पत्र समितीने आज उघडले. त्याची प्रत त्यांच्या मुलीने काल वाचली.